उघड्यावरची पंगत

परवा ताडगोळेवाल्यावरून माझं आणि आमच्या वॉचमनचं वाजलं. फेरीवाल्यांना फाटकाच्या आत सोडायचं नाही असा सोसायटीचा नियम आहे, आणि तो माणूस बिचारा डोक्यावरची पाटी उतरवून बाहेर उन्हात उभा. मी म्हटलं, ठीक आहे, तो आत येत नसेल तर मी बाहेर येते. या वयात उकिडवं बसता येत नाही, म्हणून वॉचमनचीच खुर्ची मागून घेतली आणि तिथेच ताडगोळा सोलायला बसले. ताडगोळ्याची साल नखाने हळूच काढावी लागते. घाई केली की आतलं पाणी मनगटावरून थेट कोपरापर्यंत येतं. ते आलंच. आणि कोपर पुसता पुसता मला एकदम शेवूचा कोपर आठवला, चिकट, मातकट, माझ्या बरगडीत सारखा रुतणारा.

शेवू म्हणजे माझी चुलतबहीण शेवंती. माझ्या थोरल्या चुलत्यांची, अण्णांची मुलगी.

माझ्या वाट्याला उन्हाळे काही कमी आले नाहीत. पण मुलांच्या परीक्षांचे, बँकेतल्या नोकरीचे, लग्नसराईचे, सगळे एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला कुठल्या साली, विचारू नका. एक उन्हाळा मात्र त्या गर्दीतून बाजूला उभा राहिला आहे. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचो. मी नऊ-दहा वर्षांची असेन. चाळीच्या भिंतींवर चुन्याने घोषणा लिहिलेल्या असायच्या, आणि आम्ही पोरं दुपारभर मोर्चा-मोर्चा खेळायचो. त्या खेळात एकच अडचण होती. पोलीस व्हायला कुणी तयार नसे. मग ज्याचं नाक वाहत असेल त्याला पोलीस करायचं असं ठरलं, आणि त्या उन्हाळ्यात आमच्या मजल्यावरची सगळी पोरं फ्रॉकच्या नि सदऱ्याच्या बाहीने नाक पुसून चकचकीत राहू लागली.

त्याच्या आधीच्या दसऱ्याला माझे बाबा नागपूरला जाऊन आले होते. दीक्षा घेऊन. येताना त्यांनी बुद्धाची तसबीर आणली, पंचशील म्हणायला शिकवलं, आणि एका सकाळी घरातले देव पंच्यात गुंडाळून समुद्राला नेऊन दिले. आमच्या चाळीत तेव्हा घरोघरी हेच चाललं होतं. कोनाडे रिकामे होत होते आणि माणसं ताठ चालू लागली होती. मिलमधून दमून येणारे माझे बाबा त्या दिवसांत घरी आले की भिंतीला टेकून बसायचे नाहीत. पाठ सरळ ठेवून बसायचे. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. आजही वाटतो.

पण ते देव त्यांच्या एकट्याचे नव्हते.

आजोबांनी गावाहून धोतराच्या सोग्यात बांधून आणलेले ते टाक होते, म्हणजे बोटभर पत्र्यावर उठवलेले देव. चांदीचे आहेत असं सांगायची पद्धत होती. आजी आमच्याकडे राहायची म्हणून ते आमच्याकडे. आजी गेली तरी ते तसेच राहिले. आणि दर वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी आमचं सगळं कुटुंब आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत जमायचं ते त्या देवांची तळी भरायला. ताटात खोबरं आणि भंडारा घेऊन ते ताट सगळ्या पुरुषांनी मिळून उचलायचं असतं. एकट्याने उचललेलं चालत नाही. अण्णा एका बाजूने, बाबा दुसऱ्या बाजूने, मध्ये आत्याचे यजमान असेपर्यंत ते. हळदीचा तो पिवळा धुरळा, खोबऱ्याच्या तुकड्यासाठी आमची झोंबाझोंबी, काकीने केलेलं वांग्याचं भरीत. माझ्या लेखी देव म्हणजे तो रविवार होता.

देव गेल्याचं अण्णांना कळलं ते दुसऱ्याच कुणाकडून. ते घोडपदेवहून तरातरा चालत आले. मला आठवतात ते त्यांचे पाय, धुळीने पांढरे झालेले. ते आत आलेच नाहीत, उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"मला इचारलंस का?" ते म्हणाले.

"अण्णा, ज्या देवाच्या देवळाची पायरी आपल्या बापाला चढू दिली नाही, तो देव माझ्या घरात कशाला?"

"त्यो देऊळवाल्यांचा देव. ह्यो आपला हुता. आपल्या चुलीपाशी ऱ्हायलेला." मग थोडं थांबून पुन्हा तेच, "मला इचारलंस का?"

  आपण बरोबर आहोत हे बाबांना ठाऊक होतं, आणि आपण विचारायला हवं होतं हेही ठाऊक होतं. एकाच माणसाला या दोन्ही गोष्टी एकदम ठाऊक असल्या की तो कसा गप्प होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. अण्णा गेले. त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत, आणि एकमेकांच्या घरचं पाणीही प्यायले नाहीत.

हे असंच चाललं असतं. आमच्यातल्या माणसांना अबोला धरायची कला उपजतच येते. पण त्या मार्चमध्ये कळलं की अण्णा मुंबई सोडणार. वडाळ्याच्या रेल्वे यार्डात त्यांची सगळी उमर गेली होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, समोरचा माणूस हलला तरच दिसायचा. मिरगाच्या आत गावी जाऊन राहायचं त्यांनी ठरवलं. गाव म्हणजे तसा गाडीचा एका रात्रीचा प्रवास, पण आमच्यासारख्यांना तेवढंही लांब. गेलेला माणूस लग्नाला नाहीतर मयताला भेटायचा.

तेव्हा आत्या उठली. ती दोघांहून मोठी, लालबागला राहायची, मिलच्या वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायला होती. विधवा बाई, पण आवाज असा की मजल्यावरचं नळाचं भांडण तिने नुसतं "काय गं?" म्हटलं की मिटायचं. ती आमच्याकडे येऊन बसली, चहाची बशी दोन्ही हातांनी धरली आणि बाबांना म्हणाली, "तो तुझ्या घरात पाय ठेवणार न्हाई, कोनाडा रिकामा दिसतो म्हणून. तू त्याच्या घरात जाणार न्हाईस, कोनाडा भरलेला दिसतो म्हणून. मग भिंतीच नकोत. ऐतवारी सगळ्यांनी भाईर जायचं. झाडाखाली बसायचं, एका पंगतीला जेवायचं. त्यो जायच्या आत मला दोघांना एका पंगतीला बघायचंय. तेवडं एक करा माझं."

बाबा म्हणाले, "आक्का, अण्णा येतील?"

"तुला येतोस का, तेवडं इचारलंय मी," आत्या म्हणाली.

अशा रीतीने आमच्या घराण्यात सहल नावाची गोष्ट आली. श्रीमंतांची पोरं माथेरानला जातात हे आम्ही ऐकून होतो. आम्ही निघालो राणीबागेत. वरळीहून चालत आत्याकडे, तिथून ट्राम. ट्रामच्या लाकडी बाकावर बसलं की मांड्यांना चटका बसायचा आणि तरी उठावंसं वाटायचं नाही. ट्राम इतकी सावकाश जायची की चिंचपोकळीपाशी एका पोराने धावत येऊन आम्हाला वाकुल्या दाखवल्या आणि तो आमच्या पुढे निघून गेला.

राणीबागेत एक प्रचंड गोरखचिंच आहे. अजून आहे की नाही, बघायला हवं. तिच्या बुंध्याच्या एका बाजूला अण्णांचं कुटुंब बसलं आणि दुसऱ्या बाजूला आमचं. म्हणजे झाड एकच, पण ते इतकं रुंद की दोघांनाही दुसरा दिसू नये. आत्या बुंध्याभोवती फेऱ्या मारत होती. इकडची सुकटीची चटणी तिकडे, तिकडचं भरीत इकडे. "चव तरी घ्या," म्हणायची. तिकडे अण्णांनी जेवायच्या आधी भाकरीचा एक तुकडा नि चिमूटभर भरीत पानाच्या कडेला काढून मुळाशी ठेवलं. देवाला दाखवल्याशिवाय ते घास घेत नसत. ठेवल्याबरोबर कावळ्याने ते नेलं. मी आणि शेवू मात्र तोवर हत्तीपाशी पोचलो होतो. शेवू म्हणाली, "तुझ्या घरी आता देव नाय, मग तू परीक्षेला कुणाच्या पाया पडलीस?" मी म्हटलं, "आईच्या." ती विचार करून म्हणाली, "मी दोघांच्या पडते. पास तर तू पन झालीस नि मी पन." आमचा प्रश्न तिथेच सुटला. मोठ्यांचे प्रश्न हत्तीपाशी सुटत नाहीत हे तेव्हा माहीत नव्हतं.

पुढच्या खेपेला शिवाजी पार्क. खरं तर समुद्रावर जायचं होतं, पण मैदानात सभा होती, आणि त्या दिवसांत सभा दिसली की पाय आपोआप तिकडे वळायचे. माणसंच माणसं. डोक्यांवरून उष्ण वारा येत होता आणि त्याला समुद्राचा वास होता. बाबांनी मला खांद्यावर घेतलं. वरून मला अण्णा दिसले, हाकेच्या अंतरावर, शेवूला खांद्यावर घेऊन उभे. वरच्या वर आम्ही दोघींनी एकमेकींना हात केले. खाली कुणालाच पत्ता नाही. मग घोषणा सुरू झाल्या. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे! बाबांची मूठ वर गेली. अण्णांची मूठ वर गेली. दोघांचा आवाज अगदी एकसारखा, खर्जातला, शेवटचा शब्द तोडून म्हणायची खोडही तीच. बाबांनी तो आवाज ओळखला. खांद्यावर बसलेल्या मला ते त्यांच्या मानेतून कळलं. पण सभा संपली, गर्दी पांगली आणि समोरासमोर आल्यावर एकजण चपलेचा अंगठा बघू लागला आणि दुसरा आभाळ. आत्या चिडून म्हणाली, "सगळा महाराष्ट्र एक करायला निघालेत, आणि घरातली दोन डोकी एक हुईनात!" आजूबाजूचे चार लोक हसले. बाबाही हसले असावेत. अण्णा हसले नाहीत.

खरं सांगू, त्या उन्हाळ्याच्या जागा माझ्या मनात आता एकमेकींत सरकल्या आहेत. पुष्कळदा दुपारी डोळा लागतो तेव्हा मला दिसतं की मी राणीबागेत आहे, पण हत्तीच्या पलीकडे समुद्र आहे. गोरखचिंचेखाली सभा भरली आहे. ट्राम पाण्याच्या कडेने चालली आहे आणि तिच्या बाकावर आत्या एकटीच मांडीवर डबा घेऊन बसली आहे, डब्यावर हात असा ठेवलाय की झाकण उडू नये.  ऊन इतकं पांढरं की तिचं लुगडं कुठल्या रंगाचं ते कळत नाही. मी विचारते, "आत्या, कुठं उतरायचं?" आणि जागी होते. मला वाईट वाटत नाही तेव्हा. उलट बरं वाटतं, भेट झाली म्हणून.

अण्णा त्या जूनमध्ये गावी गेले ते गेलेच. परत मुंबईला आले नाहीत. शेवूचं लग्न तिकडेच झालं. आत्या त्यानंतर बरीच वर्षं होती, मिल बंद पडेपर्यंत. पण मी पुढे गेले. अजून एक रविवार राहिला आहे.

तो रविवार शेवटचा होता, कारण पुढच्या आठवड्यात अण्णांची गाडी. आत्याने या वेळी लांब जायचं नाही असं ठरवलं. "वरळीच्या खडकांवर बसू. वारा तरी लागंल." बाबांचा चेहरा उतरला.  आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि पीठ मळत राहिली. त्या वेळी मला कळलं नाही की दोघं इतकी गप्प का. बाबांनी तेव्हाच सांगितलं असतं तर आत्याने दुसरी जागा काढली असती. पण सांगायचं म्हणजे ती सकाळ पुन्हा उकरायची. शिवाय, मला वाटतं, कुठेतरी त्यांना अण्णा तिथे यायला हवे होते.

ओहोटी होती. पाणी लांब गेलं होतं आणि काळे खडक उघडे पडून उन्हात वाळत होते. भेगाभेगांतून साचलेल्या पाण्यात आभाळाचे तुकडे. आत्याने सपाट जागा बघून चादर अंथरली आणि पत्रावळी अशा मांडल्या की दोघा भावांना शेजारी बसण्यावाचून इलाज नव्हता. काकीने भरीत-भाकरी काढली, आईने बोंबील आणि कांदा. वाऱ्याने पत्रावळी उडायला लागल्या तेव्हा मी नि शेवूने त्यांच्यावर शिंपले ठेवले. अण्णा बसले. बाबा बसले. मध्ये वीतभर अंतर. आत्या उभीच होती, हात पोटाशी धरून, जणू आता काही सांडणार आहे.

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर भरीत ठेवलं, आणि ठेवायला जागा शोधू लागले. झाड नव्हतं, माती नव्हती. नुसता खडक. त्यांचा हात हवेत तसाच राहिला. मग समोर पाण्याच्या लखलखाटाकडे डोळे बारीक करून ते म्हणाले, बाबांकडे न बघता,

"देव कुटं सोडलंस तू?"

इतक्या महिन्यांनी बोललेलं हे पहिलं वाक्य. बाबांना खोटं सांगता आलं असतं. माहीमला, चौपाटीला, कुठेही.

"इथंच," बाबा म्हणाले. "त्या पुढच्या खडकापाशी."

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. "अरं मेल्या, आन् मला बोलला न्हाईस?" काकी डबा झाकायला लागली. अण्णा उठले, आणि मला वाटलं, संपलं. आता ते शेवूचा हात धरतील आणि घोडपदेवच्या वाटेला लागतील आणि आत्याची पत्रावळ तशीच राहील. मला रडू यायला लागलं. शेवूने माझी बाही घट्ट धरली. आम्हा दोघींना त्या क्षणी एवढंच कळत होतं की हे उठून गेले की आपण पुन्हा भेटणार नाही.

अण्णांनी पत्रावळीचं एक पान तोडलं, त्यावर तो तुकडा ठेवला आणि म्हणाले, "दाव."

"निसरडं आहे अण्णा. शेवाळ आहे सगळीकडे."

"दाव म्हंतो न्हवं!"

बाबा उठले. आम्ही दोघी न विचारता मागून निघालो. बाबा पुढे, अण्णा मागे, असे ते दहाएक पावलं गेले असतील. मग अण्णांचा पाय सटकला आणि बाबांनी त्यांचा दंड धरला. अण्णांनी तो झिडकारला नाही. पुढे दोघं एकमेकांना धरूनच गेले, एकेका खडकाशी थांबत. बाबा सांगत होते, "इथं खड्डा आहे. आता उजवा पाय. थांबा. हां." धाकट्या भावाने मोठ्याला चालायला शिकवावं तसं ते दिसत होतं. पुढच्या खडकापाशी पाणी हलकं आत-बाहेर होत होतं. बाबा म्हणाले, "इथं."

अण्णा वाकले. ते पान त्यांनी पाण्यावर ठेवलं. ते तिथेच फिरत राहिलं, मग एका लाटेबरोबर बाहेर गेलं. अण्णांनी हात जोडले. ओठ हलत होते, काय म्हणत होते ते वाऱ्याने आमच्यापर्यंत येऊ दिलं नाही. बाबा त्यांच्या मागे उभे होते, पाठ सरळ ठेवून, दोन्ही पाय खडकात रोवून. त्यांचा एक हात अण्णांच्या दंडाला आणि दुसरा कमरेला होता. ते पाण्याकडे बघत नव्हते. अण्णांच्या पायांकडे बघत होते.

मग अण्णा सरळ झाले आणि म्हणाले, "चल."

येतानाही दोघं एकमेकांना धरूनच आले. पत्रावळीशी येऊन बसले, आणि मधलं वीतभर अंतर कुठे गेलं ते मला दिसलंच नाही. आत्या आता खाली बसली होती, डोळ्यांना पदर लावून, आणि काकी तिला उगाचच म्हणत होती, "वारा खारा हाय, झोंबतो डोळ्यांला." अण्णांनी आपली भाकरी मोडली, अर्धी बाबांच्या पानावर टाकली. बाबांनी तिचा घास केला. तेव्हा अण्णा म्हणाले,

"तू हात जोडलं न्हाईस."

बाबांचा घास हातातच थांबला. आत्याने पदर खाली घेतला.

"नाही अण्णा," बाबा म्हणाले.

अण्णांनी हळूहळू मान हलवली.

"बरं झालं," ते म्हणाले. "तू बी हात जोडून हुबा ऱ्हायला असतास, तर मला धरलं असतं कुणी?"